डिझेलवरची डॉज

करडीच्या तुलारामने उभ्या जन्मात एकच मोटार चालवली, ती मधुकरराव वकिलांची डॉज. काळी, लांब नाकाची, सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची ती गाडी वकीलसाहेबांनी सत्तावन्न साली घेतली, तेव्हा तुलारामने तिशी ओलांडली होती आणि बैलबंडीशिवाय दुसरं काही हाकलं नव्हतं. साहेबांनी स्वतः शेजारी बसून त्याला शिकवलं. पुढची एकोणीस वर्षं तो रोज साहेबांना करडीहून भंडाऱ्याच्या कोर्टात नेत राहिला आणि संध्याकाळी परत आणत राहिला. इंजिनाचा आवाज असा मवाळ, की मागच्या सीटवर साहेब खटल्याचे कागद मोठ्याने वाचायचे आणि पुढे बसलेल्या तुलारामला ऐकून ऐकून अर्धा कायदा पाठ झाला. शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून भांडण निघालं की गावातले लोक आधी त्याला विचारायचे, आणि बहुतेक वेळा त्याचं म्हणणं खरं निघायचं.

शहात्तर साली साहेब गेले. मुलं नागपूरला, त्यांच्याकडे नव्या गाड्या. साहेबांच्या पत्नी उषाबाईंनी तेराव्यानंतर तुलारामला बोलावून घेतलं आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"तुलाराम, पोरं हिले भंगारात देऊन टाकतील. तू घेऊन जा."

"बाईसाहेब, मी हिले काय खाऊ घालू?"

"काही नको घालू. तुझ्या दारात उभी राहू दे."

तशी ती पाच वर्षं उभी राहिली. तुलारामने आंगणात मोहाच्या झाडाखाली चार खांब रोवून वर टिनं टाकली. आठवड्यातून एकदा तो सेल्फ मारून इंजिन फिरवून घ्यायचा. लग्नसराईत नवरदेव मिरवायला कोणी मागितली तर जायचा. बाकी दोन एकर धान, दोन बैल आणि घर. मोठी मुलगी गोंदियाला दिली होती. धाकटी ललिता घरीच होती.

ललिता अडीच वर्षांची असताना तिला ताप आला होता आणि ताप उतरला तेव्हा डावा पाय सोबत घेऊन गेला. लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि काखेत कुबडी, एवढ्यावर ती मॅट्रिक झाली, मोहाडीला मावशीकडे राहून टायपिंग शिकली, आणि एक्याऐंशीच्या जूनमध्ये भंडाऱ्याच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. करडीत त्या दिवशी तुलारामने पेढे वाटले. आनंदाबाईने, म्हणजे ललिताच्या मायने, गावदेवीला नारळ फोडला.

करडीहून भंडारा तासाभराची वाट. ललिता बसने जाऊ-येऊ लागली. बस भरलेली असायची आणि पायऱ्या उंच. ती आधी कुबडी आत टाकायची, मग दांडा धरून अंग वर ओढायची. चार महिने तिने हे केलं. ऑक्टोबरात एका संध्याकाळी ती घरी आली ती कपाळ खरचटलेलं, बाहीला चिखल.

"काय झालं वो?" मायने विचारलं.

"काई नाई. पायरी ओली होती."

दुसऱ्या दिवशी पहाटे तुलारामने डॉजवरची ताडपत्री काढली, बॅटरीच्या तारा घासल्या आणि ललिता कुबडी घेऊन बाहेर आली तेव्हा मागचं दार उघडून उभा राहिला, जसा साहेबांसाठी उभा राहायचा.

ते चार महिने बरे गेले. वाटेत ललिता कचेरीतल्या गोष्टी सांगायची. कोणत्या साहेबाचं अक्षर कसं कोंबडीच्या पायासारखं आहे, चपराशी धनीराम दुपारी रेकॉर्डरूममध्ये कसा घोरतो, आणि तिच्या शेजारच्या टेबलावरची रत्नाबाई, विधवा, कोणाचंच कसं ऐकून घेत नाही. तुलाराम पुढे बघत हसायचा. एवढ्या वर्षांत घरात बापलेकीचं एवढं बोलणं झालं नव्हतं.

पण डॉज पेट्रोल प्यायची ती बैलाने हौदाला तोंड लावावं तशी. ललिताच्या पगारातला मोठा घास त्यातच जाऊ लागला. वर इंजिन म्हातारं झालेलं. फेब्रुवारी उजाडेपर्यंत सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला आणि चढावर गाडी धापा टाकू लागली.

भंडाऱ्यात, साकोलीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर टेकचंद मिस्त्रीचं गॅरेज होतं. ट्रकांचं काम करणारा माणूस. त्याने कान लावून इंजिन ऐकलं, प्लग काढून पाहिले आणि हात पुसत म्हणाला, "भाऊ, हिच्यात आता दम नाई राहिला. बोअर कराव तं पिस्टन भेटत नाई. पिस्टन भेटला तं पेट्रोल परवडत नाई. डिझेल इंजिन बसवून टाका. नागपूरले एक मॅटॅडोर पडली हाये, मागून चेपलेली. इंजिन एकदम नवं हाये, साल नाई झालं त्याले."

"अन् मंग डॉज कायची राहिली?"

"पोरगी टायमावर हापिसात पोचली म्हणजे झालं ना? का तुमाले गाडी पूजेले ठेवाची हाये?"

तुलाराम त्या रात्री जेवला नाही. आनंदाबाईने विचारलं तर म्हणाला पोट ठीक नाही. सकाळी तो उषाबाईंकडे गेला. गाडी त्याची होती, तरी विचारल्याशिवाय त्याला राहवेना. उषाबाई आता फारशा उठत नसत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब असते तं त्यांनी पहिले हेच केलं असतं. त्यांले कोर्टात उशीर झालेला चालत नव्हता."

मार्चमध्ये गाडी टेकचंदच्या गॅरेजात लागली. टेकचंद म्हणाला होता पंधरा दिवस. लागले अडीच महिने. तेवढे दिवस ललिता रत्नाबाईकडे राहिली. खांब तलावाच्या बाजूला रत्नाबाईचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं, कचेरी तिथून सायकलरिक्षाने दहा मिनिटांवर. तुलाराम मात्र रोज सकाळच्या बसने भंडाऱ्याला यायचा आणि टेकचंदच्या हाताखाली राबायचा. घरी बसून त्याच्याने राहवत नव्हतं.

जुनं इंजिन साखळी-पुलीने वर उचललं तेव्हा गाडीचं नाक एकदम हलकं होऊन टुणकन वर आलं. तुलाराम त्या रिकाम्या खड्ड्यात बघत उभा राहिला. पंचवीस वर्षं त्याने त्या जागेत हात घातला होता. कोणती नळी कुठे आहे, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता.

नवं इंजिन चार सिलिंडरचं, बुटकं आणि वजनदार. ते बसेचना. गिअरबॉक्स जुनीच ठेवायची होती, पण तिच्या तोंडाची भोकं एकीकडे आणि इंजिनाच्या पाठीची दुसरीकडे. मध्ये लोखंडाची जाड प्लेट घालायची ठरली. पहिली प्लेट लेथवर बनवून आणली ती केसभर वाकडी निघाली, गिअर टाकला की आतून दळण दळल्यासारखा आवाज. दुसरी नागपूरहून बनवून आणली. मग इंजिनाचं पोट स्टिअरिंगच्या दांड्याला अडलं. ऑइलचं भांडं कापून पुन्हा वेल्डिंग केलं, तर त्यातून थेंब थेंब गळायला लागलं, तीनदा खोलून तीनदा लावलं. गाडीची बॅटरी सहा व्होल्टची, इंजिनाला बारा पाहिजे, म्हणजे सगळे बल्ब, हॉर्न, तारा बदला. शेवटी आरसी बुकावर नवा इंजिन नंबर चढवायला फेऱ्या. एप्रिल-मे महिन्यांतलं भंडाऱ्याचं ऊन, वर टिनाचं छप्पर. सत्तावन्न वर्षांचा तुलाराम गाडीखाली उताणा पडून टेकचंदला नट आवळायचे पाने देत राहायचा आणि संध्याकाळी बसमध्ये उभ्याने डुलक्या घ्यायचा. हातांचा काळा रंग साबणाने जाईना. जेवताना आनंदाबाईला त्यांचा डिझेलचा वास यायचा, पण ती ताट पुढे सरकवायची.

मेच्या अखेरीस एका दुपारी टेकचंदने इंजिन गरम करायचा हीटर लावला, थोडं थांबला, आणि किल्ली फिरवली. डॉज अंग झडझडून जागी झाली. दारं थरथरली, आरसा थरथरला, बोनेटवर विसरलेला पाना नाचत नाचत खाली पडला.

"चालली!" टेकचंद ओरडला.

तुलारामने मान डोलावली. त्याला वाटलं होतं, या घटकेला आनंद होईल. झाला तो एवढाच, की आता उद्यापासून या टिनाखाली यायचं नाही.

तो गाडी घेऊन गावात शिरला तर कुत्री मागे लागली आणि पोरं ट्रक आला म्हणून धावली. आनंदाबाई दारात आली.

"अजी, हे गाडी हाये का धान भरडाची गिरणी?"

"गिरणी म्हण. पण रोज चालन."

आणि खरोखर ती रोज चालली. जून, जुलै, ऑगस्ट. एक दिवस खाडा नाही. डिझेलचा खर्च निम्म्याहून खाली आला. सकाळी सव्वानऊला निघायचं, साडेदहाच्या आत कचेरी. मध्ये घरी येऊन पुन्हा जायचं म्हणजे फुकट दोन खेपा, म्हणून तुलाराम दिवसभर कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली गाडीत बसून राहायचा. ललिता दुपारी डबा त्याच्यासोबत गाडीत बसून खायची.

बोलणं मात्र संपलं होतं. पहिल्या आठवड्यात ललिताने नेहमीसारखी एक गोष्ट सुरू केली.

"बाबा, आज धनीराम—"

"काय?"

"धनीराम!"

"त्याले काय झालं?"

"काई नाई, घोरत होता!"

"कोण मरत होता?"

ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. हळूहळू ललिताने सांगणं सोडलं. ती खिडकीबाहेर बघायची, तो रस्त्याकडे. मधल्या जागेत इंजिन एकटंच बोलत राहायचं.

त्या वर्षी धानाची रोवणी उशिरा झाली. माणसं मिळेनात. तुलाराम पहाटे चारला उठून धानाच्या बांधीत जायचा, पाणी कुठे फुटलं, कुठे तुंबलं ते पाहायचा, बैलांना चारा टाकायचा आणि पाय धुऊन गाडीवर बसायचा. रविवारी दिवसभर शेतात. कंबर धरली होती. आनंदाबाई म्हणाली एखाद दिवस ललिताला बसने जाऊ द्या. तो तिच्यावर असा खेकसला की ती पुन्हा त्या वाटेला गेली नाही. एवढं करून बसवलेलं इंजिन, आणि बसने?

सप्टेंबरातली गोष्ट. कचेरी सुटल्यावर ते निघाले. वैनगंगेचा पूल ओलांडला, हमरस्ता सोडून करडीच्या वाटेला लागले. दिवस बुडायला आला होता. दोन्ही बाजूंना धान पोटरीवर आलेलं, बांध्या पाण्याने भरलेल्या. डिझेल इंजिनाचा तोच तो धडधडाट पायातून, सीटमधून, पाठीतून वर चढत होता. सुरुवातीला त्याने डोकं दुखायचं, आता अंगाची सवय झाली होती, लहान मुलाला पाळण्याची होते तशी. तुलारामची मान खाली आली.

ललिताने मागून पाहिलं. "बाबा!" हाक आवाजात बुडून गेली. ती पुढे वाकली आणि तिने कुबडीच त्याच्या खांद्यावर मारली. "बाबा!"

तोवर पुढचं डावं चाक रस्त्याखाली उतरलं होतं. तुलारामने ब्रेक दाबला, पण ओल्या मातीवरून गाडी सरकतच गेली. धुरा फोडून डॉज गावातल्या कवडूच्या बांधीत नाक खुपसून उभी राहिली. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

मग बेडकांचा आवाज ऐकू आला. पाण्याचा फुटलेल्या धुऱ्यातून वाहण्याचा आवाज.

"लागलं का बाई?"

"नाई. तुमाले?"

"नाई."

तुलारामला मागे वळून बघायचं धाडस होईना.

"झोप लागली होती ना?" ललिताने विचारलं.

स्टिअरिंग ओढलं, चाक घसरलं, सांगण्यासारखं पुष्कळ होतं. "हव," तो म्हणाला.

मग ललिता म्हणाली, "बाबा, मले एक सांगाचं हाये. मे महिन्यापासून सांगाचं होतं."

"तं सांगितलं काहून नाई?"

"ह्या गाडीत आयकू कुठं येते?"

दोघांनाही हसू आलं, ते लगेच जिरलं.

"रत्नाबाईच्या बाजूची खोली खाली हाये," ललिता म्हणाली. "मालकीण चांगली हाये. मी थितं राहतो. शनवारी घरी येत जाईन."

तुलाराम वळला. "अन् हे इंजिन? हे मी कोणासाठी टाकलं?"

"माह्यासाठी."

"मंग?"

"तुमी अडीच महिने रोज हात काळे करून परत जायचे. रोज संध्याकाळी मले पाहाले रत्नाबाईच्या दारात यायचे, अन् म्हणायचे, झालंच बाई, आता दोनच दिवस. मी कोणत्या तोंडानं सांगू, का मले थितंच बरं वाटून राहिलं म्हणून?"

"थितं पाणी कोण भरून देईन तुले? जिना चढता येते का?"

"अडीच महिने कोण भरत होतं? हापशीवरून अर्धी अर्धी बकेट आणाची. चार खेपा लागते. आणतो मी."

हे त्याला माहीत नव्हतं. तो समजत होता की रत्नाबाई भरत असेल. कुबडी एका काखेत आणि दुसऱ्या हातात अर्धी बादली, अशी ललिता त्याने डोळ्यासमोर आणून पाहिली. पहिल्यांदा वाईट वाटलं. मग आणखी पाहिलं, तर त्यात ती चालत होती.

"तुमी थकले बाबा," ललिता म्हणाली. "आज दोघंही गेलो असतो."

एवढ्यात बांधीचा मालक कवडू धुऱ्याधुऱ्याने धावत आला. गाडी पाहिली, आत माणसं धड आहेत ते पाहिलं, आणि मग आडवं झालेलं धान पाहिलं.

"तुझं नुसकान झालं रे, कवडू," तुलाराम काच खाली करून म्हणाला.

"झालं तं झालं. पोरगी वाचली ना? उतरू नका, चिखल लगीत हाये, गुडघाभर. बैल आणतो."

बैलजोडी लागली, गावातली चार माणसं लागली, तेव्हा डॉज मागे सरकत रस्त्यावर आली. किल्ली फिरवली तर इंजिन एका फटक्यात सुरू झालं. कवडू म्हणाला, "तुलारामभाऊ, इंजिन मातर पक्कं हाये." तुलारामला त्या घटकेला ते इंजिन उपटून बोडीच्या पाण्यात फेकून द्यावंसं वाटलं.

घरी आल्यावर त्याने आनंदाबाईला सगळं सांगितलं. खोलीचं सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही नवल दिसलं नाही.

"तुले मालूम होतं?"

"मी तिले कवाच म्हटलं होतं, बापाले सांग. ते म्हणे, बाबाचं मन मोडन."

तुलाराम खाटेवर बसून राहिला. घरात दोन बायका आपल्याला काचेच्या भांड्यासारखं जपत होत्या आणि आपण समजत होतो की आपणच सगळ्यांना वाहून नेत आहोत. राग कोणावर काढावा ते समजेना. राग काढण्याइतकी ताकदही नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने गाडी काढली नाही. ललिता घरीच राहिली. तो फावडं घेऊन कवडूचा फुटलेला धुरा बांधायला गेला आणि दुपारपर्यंत तिथेच होता. परत येताना त्याने वाटेवरूनच हाक मारली, "ललिते, खोलीत खाट हाये का? का इथून न्या लागन?"

रविवारी डॉजमध्ये तिची पेटी, स्टोव्ह, भांड्यांचं गाठोडं, डिक्कीत तांदळाचं पोतं आणि टपावर दोरीने बांधलेली खाट गेली. आनंदाबाई पुढच्या सीटवर बसून सगळा रस्ता पदर तोंडाला लावून होती. रत्नाबाई दारातच उभी होती, जाड भिंगांचा चष्मा लावलेली, ठेंगणी बाई. तिने तुलारामकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "काका, एवढी चिंता नका करू. ही माह्यावर चिल्लावते, मी हिच्यावर चिल्लावतो. जमते आमचं."

तो आठवडा तुलारामला विचित्र गेला. दिवसातून कितीदा तरी तो आंगणात येऊन गाडीकडे बघायचा. बुधवारी शेजारच्या ताराचंदच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तिला मोहाडीच्या दवाखान्यात पोचवलं. गुरुवारी कोणी आलं नाही. शुक्रवारी त्याने ऑइल बदललं, ते बदलायचं नव्हतं तरी.

शनिवारी दुपारीच तो ललिताला आणायला भंडाऱ्याला गेला. कचेरीकडे न जाता सरळ खोलीवर गेला आणि बाहेर गाडीत बसून राहिला. संध्याकाळी सायकलरिक्षा आली. ललिता उतरली, रिक्षावाल्याशी दोन शब्द बोलली, आणि बापाला पाहून म्हणाली, "बाहेर काहून बसले? चाबी मालकिणीजवळ असते."

खोली लहान होती. खिडकीतून तलाव दिसत होता. भिंतीला लावून दोन अर्ध्या बादल्या भरून ठेवलेल्या. ललिताने भिंतीला हात टेकत टेकत स्टोव्ह पेटवला, चहा टाकला. तुलाराम उठून मदत करायला गेला, तर ती म्हणाली, "बसा तुमी." तो खाटेवर बसला. लेकीच्या घरी पाहुणा म्हणून बसायचं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं. चहा गोड झाला होता. तो प्यायला, कप खाली ठेवला आणि भिंतीला पाठ टेकली.

"पडा थोडं," ललिता म्हणाली. "मी कपडे भरतो पिशवीत."

त्याला जाग आली तेव्हा दिवा लागला होता. अंगावर चादर होती. पलीकडच्या खोलीत रत्नाबाई आणि ललिता कशावरून तरी वाद घालत हसत होत्या. वरणाचा वास येत होता.

तो दचकून उठला. "अवं, अंधार पडला ना! उठवलं काहून नाई? तुही माय वाट पाहीन."

"करडीच्या बसवाल्याजवळ निरोप धाडला," ललिता दारातून म्हणाली. "उद्या सकाळी जाऊ. तुमाले भात टाकू का पोळी?"

तुलारामने खिडकीतून खाली पाहिलं. डॉज रस्त्याच्या कडेला उभी होती, रस्त्यावरचा दिवा तिच्या टपावर पडला होता. तिला हलवायची काही गरज नव्हती.

"भातच टाक," तो म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला.